मदत हवी आहे : गाडीवरील क्षारांचे डाग घरगुती उपायांनी कसे काढावेत?

नमस्कार. वाघोलीतील आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते आणि ते इतके क्षारयुक्त आहे की, धुतलेली गाडी उन्हात वाळताच काचांवर व बॉनेटवर पांढरे ठिपके उमटतात. हे डाग साबणाने निघत नाहीत, आम्लाने विरघळतात. म्हणून पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून मऊ कापडाने काचांवर लावले आणि काचा स्वच्छ झाल्या. प्रश्न रंगाचा आहे. हेच मिश्रण बॉनेटवर लावल्यास वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर) निस्तेज होईल का, आणि होणार नसेल तर ते किती वेळात धुवून टाकावे?

भांड्यांच्या लिक्विडमुळे मेणाचा थर निघून जातो, त्यामुळे ते मी टाळतो. त्याऐवजी रिठ्याचे पाणी कोणी वापरले आहे का? (रिठ्याने रेशमी साड्या धुतात, मग गाडीनेच काय घोडे मारले आहे, असे सौ.चे म्हणणे.) आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिकच असतात, तेव्हा तो सल्ला कृपया नको, मात्र शेवटच्या पुसण्यासाठी एसीचे साठवलेले पाणी चालेल का, हे अनुभवी सभासदांनी अवश्य सांगावे.