इंग्लंडमधलं खेड्यातलं जुनं चर्च: गाडीशिवाय कुठलं बघता येईल?

केतकी_लंडन:
आई पुढच्या महिन्यात येतेय. चित्रकलेची शिक्षिका होती. मोठी कॅथेड्रल्स मागच्या खेपेला झाली, आता तिला खेड्यातलं साधं पॅरिश चर्च बघायचंय. एकच दिवस, गाडी नाही, दोघींचे मिळून ५० पौंड. तिचे गुडघे दुखतात. सुचवा ना.

भटक्या:
डोळे झाकून किलपेक, हेरफर्डशायर. ११४० च्या सुमाराचं, लाल वालुकाश्मातलं. दक्षिणेचं दार बघा, वेली आणि साप काल कोरल्यासारखे. छताखाली दगडी मुंडक्यांची रांग, त्यात कुत्रा आणि ससा अगदी शेजारी शेजारी. गाडी भाड्याने घ्या, रात्री हेरफर्डला राहा.

सुमेधा:
सफोकचं ब्लिथबर्ग! छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत. दुर्बीण न्याच. १५७७ च्या वादळात सैतानी काळा कुत्रा आत शिरला म्हणतात, दारावर त्याच्या पंजांचे जळके डाग दाखवतात. देवदूतांवर १७व्या शतकात क्रॉमवेल या प्युरिटन सेनापतीच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या होत्या.

जुना_दगड:
त्या गोळ्या सैनिकांच्या नव्हेत. १८व्या शतकात छतातले पक्षी मारायला बंदुकीची दारू आणि छरे घेतल्याचं चर्चच्या हिशोबातच आहे.

सुमेधा:
आम्हाला तिथल्या आजोबांनी सैनिकच सांगितले होते.

मिलिंद_नॉरिच:
आमच्या नॉरफोकचं रॅनवर्थ. मनोऱ्याच्या ८९ पायऱ्या, वर शिड्या, पण वरून सगळा पाणथळ मुलूख दिसतो. खाली वेदीपुढच्या लाकडी आडभिंतीवर संतांची १५व्या शतकातली चित्रं, रंग अजून टिकून.

आनंद_लेस्टर:
शनिवारी जाऊ नका. एवढी गाडी हाकत गेलो तर आत लग्न! दुसऱ्या एका गावी कुलूप. किल्ली शेजारच्या घरी मिळेल अशी पोर्चमध्ये चिठ्ठी, आणि त्या घरात कुणीच नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असते. आधी फोन करा.

पमाकाकू:
अरे, मुलीने गाडी नाही, गुडघे दुखतात असं लिहिलंय, वाचा की! केतकी, एसेक्समधल्या ग्रीनस्टेडला जा. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने एपिंग, पुढे बसने ऑंगर, मग मैलभर सपाट रस्ता. ओकचे ओंडके उभे चिरून केलेली भिंत, साधारण ११व्या शतकातली. तिकीट नसतं, पेटीत काहीतरी टाकावं. आणि स्वेटर ने गं, भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो.

भटक्या:
ग्रीनस्टेड छान, पण कोरीवकाम म्हणाल तर किलपेकच.

केतकी_लंडन:
सगळ्यांचे आभार. पण आईने स्वतःच केंटचं ट्यूडली शोधून काढलंय. बाहेरून साधं विटांचं, आत बाराच्या बारा रंगीत काचेच्या खिडक्या चित्रकार मार्क शागालच्या! १९६३ मध्ये समुद्रात बुडालेल्या २१ वर्षांच्या मुलीच्या आठवणीसाठी आईवडिलांनी एक खिडकी मागितली, ती १९६७ मध्ये बसली. शागालने मग उरलेल्याही केल्या, शेवटच्या १९८५ मध्ये. पहिल्या खिडकीत खाली निळ्या लाटांत ती मुलगी आहे आणि वर ख्रिस्तापर्यंत शिडी. काचेतून निळा कसा उतरतो ते आईला भिंतीवर बघायचंय, म्हणून उन्हाचा दिवस धरणार, शनिवार-रविवार टाळून. टनब्रिजपर्यंत ट्रेन आहे. पुढची दोनेक मैल टॅक्सी आधी ठरवावी लागते, की स्टेशनबाहेर मिळते?