मैदानाचं नाव विकावं का?

पवनाकाठ
कपाट आवरताना एक जुनं तिकीट हाती लागलं. २० डिसेंबर २०१२, भारत-इंग्लंड, टी-ट्वेंटी. युवराजने आधी तीन गडी टिपले आणि मग ३८ धावा ठोकल्या, ती मॅच. तिकिटाच्या कडा मऊ पडल्यात, शाई विटलीय, पण मैदानाचं नाव अजून वाचता येतं: सुब्रत रॉय सहारा स्टेडियम. मुलगी म्हणाली, "बाबा, हे कुठे आलं?" म्हटलं, अगं, गहुंजे. आपण जातो तेच.

पुण्याजवळच्या या मैदानाचं एप्रिल २०१२ मध्ये उद्घाटन झालं ते याच नावाने. सहारा कंपनीशी नावाचा करार दोनशे कोटींच्या वरचा होता. ठरलेले पैसे पूर्ण आले नाहीत, वाद झाला आणि पुढच्याच वर्षी नाव उतरलं. लंडनच्या ओव्हल मैदानाचं बघा, नावाआधीच्या कंपन्या बदलतच गेल्या. फॉस्टर्स, एएमपी, ब्रिट इन्शुरन्स आणि आता किया. २०१९च्या वर्ल्ड कपला आयसीसीच्या नियमांमुळे कियाचं नाव बाजूला ठेवलं, कुणाचं काही अडलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: फलक विका, स्टँड विका, पण मैदानाचं नाव विकू नका.

चर्चगेट_लोकल
अजिबात पटलं नाही. आधीची नावं काय आकाशातून पडली? ब्रेबॉर्न स्टेडियमचं नाव हे मुंबईच्या गव्हर्नरचं. समुद्र बुजवून काढलेली जागा सरकारकडून हवी होती, गव्हर्नरचं नाव दिलं. १९३७ साली मैदान उभं राहिलं. हा नावाचा सौदाच होता, फक्त रोकड नव्हती. अलीकडचं घ्या. अहमदाबादच्या मोटेरा मैदानाला सरदार पटेलांचं नाव होतं. २०२१ मध्ये ते नव्याने बांधलेल्या मैदानावरून गेलं आणि नरेंद्र मोदी स्टेडियम झालं. दिल्लीचं कोटला २०१९ मध्ये अरुण जेटली स्टेडियम झालं. यात संघटनेच्या तिजोरीत एक रुपया आला का? कंपनी निदान टेबलावर पैसे ठेवते. तिची मुदत संपली की नाव जातं. पुढाऱ्याचं नाव काढायची हिंमत कोण करणार?

मैदानावरचा_माळी
चर्चगेट, वानखेड्यांना यात ओढू नका, म्हणून लिहितोय. तिकिटांच्या वाट्यावरून ब्रेबॉर्नचा मालक क्लब सीसीआय (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचं भांडण पेटलं, तेव्हा शेषराव वानखेडे असोसिएशनचे अध्यक्ष होते. त्यांनी ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरं मैदान उभं करायचं ठरवलं. शशी प्रभूंनी आराखडा केला आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी झालीसुद्धा. हयातीतच नाव लागलं हे खरं, ते राजकारणी होते हेही खरं. पण ते मैदान त्यांनी *उभं केलं*. लॉर्ड्सचंही तसंच. तो कुणी उमराव नव्हता, थॉमस लॉर्ड नावाचा व्यापारी होता. दोनदा जागा सोडावी लागली, १८१४ मध्ये तिसऱ्या जागी त्याने मैदान थाटलं. ज्याने घाम गाळला त्याचं नाव आणि ज्याने नंतर चेक फाडला त्याचं नाव, हे एका मापाने मोजू नका.

चर्चगेट_लोकल
वानखेड्यांचं नाव मी घेतलंच नव्हतं, माळीदादा. पण मुद्दा मान्य. त्यांची गोष्ट वेगळी.

जमाखर्च
भावना समजतात, पण हिशेब कोण मांडणार? गहुंज्याचं मैदान कर्ज काढून बांधलं. २०१८ मध्ये जवळपास ७० कोटींच्या थकबाकीसाठी बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला होता, हे विसरलात का? वर्षातून मोजके मोठे सामने, बाकीचे दिवस खेळपट्टी, गवत, वीज, पाणी यांचा खर्च चालूच. मार्च-एप्रिलच्या उन्हात तिथे बिनछपराच्या बाजूला बसून बघा. नावाच्या पैशातून छप्पर आणि बायकांसाठी धड स्वच्छतागृहं होणार असतील, तर माझी हरकत नाही.

पवनाकाठ
जमाखर्च, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ते ठरलेले पैसे वेळेवर आले असते तर बँक दारात आली असती का? नावाचा पैसा खात्रीचा नसतो, हेच तर मी सांगतोय. विकायचंच असेल तर आधी पूर्ण रक्कम किंवा बँक गॅरंटी घ्या, मग पाटी लावा.

शिवडीची_लेक
मधला मार्ग वानखेडेवर आहेच की! तिथे एका टोकाला टाटा एंड म्हणतात, दुसऱ्याला गरवारे पॅव्हेलियन एंड. उद्योगांची नावं आहेत, रुळली आहेत, कुणाला खुपत नाहीत. स्टँडला गावसकर, तेंडुलकर, मर्चंट, आणि मे २०२५ मध्ये वाडेकर आणि रोहित आले. त्याच वेळी शरद पवारांचंही नाव लागलं, त्यावर माझं मत वेगळं आहे, पण तो वाद इथे नको.

मला भीती वाटते ती मेट्रोसारखं होण्याची. भुयारी मेट्रोच्या वरळीतल्या स्टेशनवर आचार्य अत्र्यांच्या नावाआधी म्युच्युअल फंडाचं नाव वाचलं, तेव्हा पोटात खड्डा पडला. आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जायचे, अत्र्यांचं भाषण म्हटलं की काम टाकून निघायचे. माणसाचं नाव असलेल्या जागेला कंपनीचं शेपूट किंवा शेंडी नको, एवढा नियम तरी करा.

जमाखर्च
ताई, हे मान्य. अत्र्यांच्या बाबतीत मीही पैसे नाकारले असते.

मावळतला
एवढी चर्चा झाली, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. मैदान आमच्या भागात, पाटीवर आधी सहारा, मग महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन या संघटनेचं नाव. टीव्हीवर 'पुणे' म्हणतात. गहुंजे हा शब्द पाटीवर ठळकपणे कधी आलाच नाही. तरी मॅचच्या दिवशी सोमाटणे फाट्यावर उभं राहून ऐका. रिक्षावाला, टोप्या विकणारी पोरं, वाट विचारणारा मुंबईचा माणूस, सगळ्यांच्या तोंडी गहुंजेच. तुम्ही पण पहिल्या परिच्छेदात मुलीला काय सांगितलंत, ते परत वाचा.

पवनाकाठ
वाचलं. पुढच्या तिकिटावर तेवढं छापून यावं, असं पत्र संघटनेला लिहितो. मसुदा उद्या इथेच टाकतो, सह्या करा. चर्चगेट, तुमचीही हवी.