काय गावला? : गळ टाकणाऱ्यांचे अनुभव

देवगडच्या खाडीवरून गरवून, म्हणजे गळानं मासे धरून, परत येणाऱ्या माणसाची तब्येत वाटेत कुणी विचारत नाही. विचारतात ते "काय गावला?" एवढंच, आणि तेही नजर पिशवीवर ठेवून. माझे वडील हा प्रश्न चुकवायला काजूच्या बागेतून वळसा घालून मागच्या दारानं घरात यायचे. पुढच्या दारी पावलं वाजली की आई नारळ फोडायला घ्यायची. मागच्या दारी वाजली की कुळथाचं पीठ काढायची. विचारायची गरजच पडायची नाही.

तर तुमच्या पिशवीत काय होतं ते लिहा. खाडी, नदी, धरण, परदेश, काहीही चालेल, फक्त हौसेनं टाकलेला गळ हवा. दोन्ही हात फाकवून दाखवलेली लांबी मान्य नाही, काट्यावर भरलेलं वजन सांगा. जागा नेमकी नाही सांगितलीत तरी चालेल. गरवणारा आपला दगड सख्ख्या भावालाही सांगत नाही.

सुरुवात मीच करतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, बाजारात ताजं काही दिसत नाही, त्यामुळे खाडीच्या कडेला आमच्यासारख्यांची गर्दी. आमच्याकडे काठी नसते. लाकडाला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची दोरी) हातात, टोकाला शिसं, गरी म्हणजे गळाचा आकडा, आणि गरीला शेपटीतून ओवलेलं जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी. तांबोशी हा मासा दगडांच्या कपारीत राहतो. सुंगट तोंडात आलं की ती पळत नाही, सरळ आपल्या घरात शिरते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत वर ओढली नाही तर कालवांच्या धारेवर तंगूस कापला जातो. 2011 च्या जुलैत मी तंगूस तर्जनीला वेढा देऊन बसलो होतो. असं करू नये हे वडील शंभरदा सांगून दमले होते. ती लागली, घरात शिरली, आणि तंगुसाआधी माझं बोट कापलं. रक्तानं पिशवी लाल झाली, पण तिच्यात होत्या चार किरकोळ खरबी. मागच्या दारानं गेलो.

पेणकडून

तुमच्याकडे ज्याला चोणक म्हणतात, मुंबईचे कोळी खजुरा म्हणतात, तो आमचा जिताडा. नावावरून भांडू नका, चव एकच आहे. (एक नाही. आमच्या खारेपाट भागातल्या जिताड्याला तोड नाही. पण ते असो.)

आमच्या भागात घरासमोर तळी असतात. खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्लं त्यात सोडायची आणि वाट बघायची. जावई आला की जिताडा, सरकारी साहेबाकडे काम अडलं की जिताडा. आमच्याकडे त्याचं वजन किलोत सांगत नाहीत, "जमिनीच्या मोजणीएवढा होता" असं म्हणतात! सासऱ्यांच्या तळ्यात मी एकदा हौसेनं गळ टाकला आणि दहा मिनिटांत मासा लागला. सासरे म्हणाले, "गोठ्यात शिरून गाय मारलीस, त्यात काय मर्दुमकी?" तेव्हापासून धरमतरच्या खाडीवर जातो. दीड वर्षात दोन जिताडे, मोठा काट्यावर 4 किलो 700 ग्रॅम. रबरी मासा लावला होता, ओहोटी लागून अर्धा तास झाला होता, पुलाच्या खांबाच्या सावलीत. लागल्यावर पाण्याबाहेर उडी मारून तो डोकं असं झटकतो की गळ सुटून आपल्याच तोंडावर येतो.

नंतर कळलं की जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे माझा तो 4 किलो 700 ग्रॅमचा "पठ्ठ्या" बहुधा बाई होती, अंडी घालायच्या वयाची. आता एवढा मोठा लागला तर सोडेन, असं म्हणतो. अजून लागलेला नाही, त्यामुळे म्हणायला सोपं आहे.

मुंबई, वांद्र्याचे खडक

ज्यांना भरतीची वेळ मोबाइलवर बघायची सवय आहे त्यांच्यासाठी. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, भरती कधी पूर्ण होते ते साधारण कळतं. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. हे मला शिकवलं एका म्हाताऱ्या कोळ्यानं, आणि शिकवायची वेळ माझ्या मूर्खपणामुळे आली.

पौर्णिमेनंतर लगेचचा दिवस. सकाळी नऊला ओल्या खडकांवरून चालत पार टोकाला गेलो. पालू मासे आमिषाला टोचत होते, दोन पिशवीत पडले होते, तिसरा मोठा वाटत होता. मागे बघायचं सुचलंच नाही. अकराच्या सुमारास वळून पाहिलं तर मी आलो होतो ती वाट पाण्याखाली. उधाणाची भरती, पाणी पूर्ण भरायला अजून दीड तास. किनाऱ्यावरून एक म्हातारा हातवारे करत होता. त्यानं मला शब्दाशब्दानं बाहेर काढलं: डावीकडे, तो काळा दगड, आता थांब, लाट जाऊ दे, आता ये. छातीभर पाण्यातून आलो. काठी गेली, पालू गेले, एक चप्पल गेली. त्यानं विचारलं, "आज तिथी काय?" मला सांगता आली नाही. "मग गरवायला कशाला येतोस?"

त्याचं बरोबर होतं. आता काठीच्या पिशवीत कालनिर्णयचं ते पान असतं.

ठाणे

छोटासाच अनुभव, पण उपयोगी. शिंगाळा मासा गळावरून सोडवताना त्याच्या कल्ल्यामागचा काटा तळहातात घुसला. वेदना खांद्यापर्यंत. मी बर्फ लावत बसलो, ते चुकलं. त्या विषावर उष्णता चालते. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. आधी आपला दुसरा, न दुखणारा हात त्याच पाण्यात घालून बघा, दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. आणि मग डॉक्टरकडे जा, काट्याचा तुकडा आत राहतो. माझा राहिला होता.

आणि केंड मासा गळाला लागला, फुगून चेंडू झाला म्हणून पोरांना खेळायला देऊ नका. विषारी असतो. तंगूस दातांनी कापून गेला तर आभार माना.

पुणे

आमच्याकडे समुद्र नाही म्हणून कुणी कीव करू नये. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची नोंद केली, आणि 1839 मध्ये खुद्री या महाशीराचं वर्णन छापलं, ते आमच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या नदीच्या पुलावर उभं राहून नाक धरावं लागतं, पण सह्याद्रीच्या बाजूला धरणांच्या मागच्या पाण्यात महाशीर अजून आहे. त्याचं बरंचसं श्रेय लोणावळ्याच्या वळवणला पिल्लं तयार करून सोडणाऱ्या टाटांच्या केंद्राला जातं.

मला एकच लागला. सव्वादोन किलो. कणकेत थोडी हळद आणि शेंगदाण्याची पेंड मळून गोळा लावला होता. रीळ ओरडायला लागलं तेव्हा मी डब्यातले पोहे खात होतो. पंचवीस मिनिटं. दोनदा तळाशी जाऊन दगडासारखा बसला, हलेचना, मला वाटलं गळ अडकला. वर आला तेव्हा खवले रुपयाएवढे, पाठ ताम्रवर्णी. मी त्याला पाण्यातच धरला, गळ काढला, आणि सोडला.

सोडण्याचं कारण मोठं पर्यावरणप्रेम वगैरे नव्हतं. लहानपणी आजोळी महाडला गेलो की आजोबा वाळणकोंडला न्यायचे. काळ नदीचा डोह, वरदायिनीचं देऊळ, आणि चुरमुरे टाकले की वर येणारे हातभर लांबीचे देवाचे मासे. तिथले मासे कुणी धरत नाही. माझ्या हातातला मासा बघून मला चुरमुरे आठवले, झालं. मित्रानं मात्र पुढचे दोन महिने माझ्याशी नीट बोलणं केलं नाही. त्याच्या घरी रस्सा ठरला होता.

म्युनिक

पुणेकरांचं वाचून हसू आलं. आमच्याकडे तो महाशीर सोडला असता तर शेजारच्या आजोबांनी मला कायदा सांगितला असता. जर्मनीत गळ टाकायचा तर आधी अभ्यासवर्ग, मग परीक्षा, मग परवाना, मग त्या तळ्याचा वेगळा पास. आमच्या बायर्न राज्याच्या परीक्षेत 60 प्रश्न: माशांची शरीररचना, पाण्याचे प्रकार, कायदा, मासा कसा मारायचा. हो, मासा कसा मारायचा यावर प्रश्न असतात. डोक्यावर फटका देऊन आधी बेशुद्ध करायचा, तडफडत ठेवणं गुन्हा. सांगलीला कृष्णेकाठी वाम पकडून वाळूत टाकून देणारा मी, शब्दकोश मांडीवर घेऊन कल्ल्यांची जर्मन नावं पाठ करत होतो. बारावीनंतर एवढा अभ्यास केला नव्हता.

पास झालो. पहिल्याच महिन्यात तीन किलोचा कार्प. मनात आलं सोडावा, कारण घरी मी एकटाच मासे खातो. पण खाण्याजोग्या मापाचा मासा निव्वळ गंमत म्हणून धरून सोडणं इथे प्राण्यांना विनाकारण त्रास देण्यात मोडतं. घरी नेला. चिखलाचा वास जाता जाईना. आमसूल, आलं, तिरफळं (ही आईनं सामानात कोंबली होती), सगळं घातलं. चार दिवस खाल्ला. त्यानंतर मी मासे लागू नयेत अशा बेतानं गळ टाकतो.

कॅलिफोर्निया

आमच्याकडे बरोबर उलटं. बाबा रत्नागिरीहून 2018 मध्ये आले होते. खाडीवरच्या सार्वजनिक धक्क्यावर गळ टाकायला परवाना लागत नाही, म्हणून त्यांना तिथे घेऊन गेलो. तीन तास काही नाही, मग एक सुंदर पट्ट्यांचा स्ट्राइप्ड बास. बाबांचा चेहरा मी फार वर्षांनी तसा बघितला. मी पट्टी काढली. किमान 18 इंच हवा. भरला साडेसतरा.

"अर्ध्या इंचानं काय होतंय?"

"बाबा, दंड होतो."

"शेपूट जरा ओढ."

ओढली. साडेसतराच. सोडला. बाबा गाडीत गप्प होते. रात्री जेवताना एकदम म्हणाले, "आपल्याकडे पट्टी असती तर पापलेट अजून मोठी मिळाली असती." मग पुन्हा गप्प. त्या दिवशी आम्ही दुकानातला सॅमन मासा खाल्ला आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही.

वेंगुर्ला

इथे सगळे पुरुषच लिहितायत म्हणून. मी गरवते. काळुंदर. त्याचं तोंड इवलंसं, त्यामुळे गरी सगळ्यात बारीक, आणि तिला कणकेची मिरीएवढी गोळी. मोठी गोळी लावलीत तर तो कुरतडून खाऊन जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. जोर नको, नजर हवी. माझ्या आवशीनं मला शिकवलं, तिला तिच्या आवशीनं. पाच-सहा मिळाले की घरी. तव्यावर मावतात तेवढेच.

पंढरपूरच्या अलीकडे

उजनीच्या पाण्यात आता चिलापीचंच राज्य. बांबूची काठी, मोरपिसाची दांडी तरंगायला, गळाला गांडूळ. दांडी आडवी झाली की हिसका. एका सकाळी अकरा चिलापी धरल्या. अडचण पुढेच होती. आमचं घर माळकरी. आजीच्या गळ्यात तुळशीमाळ, स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही.

आजीला चोरून काही केलं नाही. तिनंच शेतात बांधाला तीन दगड मांडून दिले, वेगळा तवा, वेगळी परात, आणि स्वतः पाठ करून आंब्याखाली बसली. आम्ही पोरं भाजत होतो. थोड्या वेळानं पाठ तशीच ठेवून म्हणाली, "मीठ टाकलं का रे? वासावरनं अळणी वाटतंय."

नाव-गाव नको

मी गळ टाकत नाही. मी साफ करते. रात्री साडेअकराला दार उघडायचं, समोर चिखलानं भरलेला नवरा आणि बादलीत जिवंत वळवळणारं काहीतरी, आणि वर "ताजं आहे, आत्ताच करायला हवं". ओट्याखाली, पंख्याच्या पात्यावर, एकदा कानातल्यात खवले सापडलेत. मी नियम केला: जो धरील तो कापील. त्यानंतर घरी येणाऱ्या माशांची संख्या कमी झाली, पण "सोडून दिला, फार लहान होता" हे वाक्य फार वाढलं.

पुन्हा देवगड

सगळं वाचून काढलं. पेणकर, जिताड्याच्या चवीवर आपण वेगळं भांडू. काल चतुर्थी होती, पाऊणपट तीन, म्हणून पहाटे दीडला वडिलांच्या दगडावर जाऊन बसलो. वाढत्या पाण्यात सुंगटं दोन वेळा कुणीतरी अलगद खाऊन गेलं. तिसऱ्यांदा तंगूस ताणला, हाताला वजन लागलं, यावेळी बोटाला वेढा नव्हता. कपारीच्या तोंडापर्यंत ती माझी होती.

उजाडता उजाडता घरी आलो. पिठी छान झाली होती.