देवचाफा मूळचा कुठला, आणि सोनचाफ्याशी त्याचे नाते काय?

प्रश्न
शाळेच्या मुलांसाठी मी गावातील झाडांना नावांच्या पाट्या लावत आहे. देवळासमोरच्या जुन्या पांढऱ्या चाफ्यासाठी मी ‘प्लुमेरिया आल्बा, मूळ स्थान भारत’ अशी पाटी लिहिली होती. परंतु हे झाड परदेशी असल्याचे एका स्नेह्यांनी सांगितले. हा चाफा आणि सोनचाफा एकाच कुलातील आहेत का? चुकीची पाटी लावण्याची माझी इच्छा नाही.

पहिला प्रतिसाद
आपले स्नेही बरोबर सांगत आहेत. देवचाफा, म्हणजेच खुरचाफा, हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील कोरड्या, पानगळीच्या रानांतला वृक्ष असून निकाराग्वाचे ते राष्ट्रीय फूल आहे. आपल्याकडेही तो कोरड्या दिवसांत पाने गाळतो आणि उन्हाळ्यात निष्पर्ण फांद्यांवर फुलतो, ती त्या मूळ रानांतलीच सवय आहे.

सोनचाफ्याशी त्याचे नाते केवळ नावाचे आणि सुगंधाचे आहे. देवचाफा करवीर कुलातील, म्हणजे कण्हेर, सदाफुली आणि सातवीण यांचा भाऊबंद. फांदी मोडली की येणारा पांढरा चीक ही त्या कुलाची ओळखीची खूण. सोनचाफा चंपक कुलातला. त्याला चीक नसतो, आणि देवचाफ्याच्या पाच पाकळ्या तळाशी जुळून नळी होते, तशी त्याच्या सुट्या, अनेक पाकळ्यांची होत नाही. लिनियसने 1753 साली त्याला ‘मिशेलिया चंपाका’ म्हटले होते. आता तो ‘मॅग्नोलिया’ प्रजातीत धरला जातो. पश्चिम घाट, पूर्व हिमालय आणि आग्नेय आशिया हे त्याचे नैसर्गिक क्षेत्र असल्यामुळे ‘मूळचा भारतीय’ ही पाटी त्याला शोभेल. हिरवा चाफा तर तिसऱ्याच, सीताफळाच्या कुलातला आहे.

दुसरा प्रतिसाद
शास्त्रीय नावही तपासावे, असे मला वाटते. ‘आल्बा’ म्हणजे पांढरा, म्हणून प्रत्येक पांढऱ्या चाफ्याला ते नाव दिले जाते. वास्तविक प्लुमेरिया आल्बा ही कॅरिबियन बेटांवरची, अरुंद पानांची वेगळी जाती आहे. देवळांपुढचा, पिवळ्या गाभ्याचा आणि टोकदार, रुंद पानांचा चाफा बहुधा प्लुमेरिया रुब्रा असतो. ‘रुब्रा’ म्हणजे तांबडा, तरी त्याच जातीत पांढरी फुलेही येतात. पानाचे टोक बोथट, गोलसर असेल, तर मात्र कॅरिबियन भागातीलच प्लुमेरिया ऑब्ट्युसा असण्याचा संभव आहे. फुलाच्या रंगावरून जात ठरवू नये, पान पाहावे.

प्रश्नकर्ती
आज पाहून आले. पाने रुंद असून टोकाला निमुळती होत गेली आहेत. झाडाला फळ धरलेले मात्र गावात कोणालाच आठवत नाही.

पहिला प्रतिसाद
आपल्याकडे या झाडाला शेंगा क्वचितच धरतात. फुलांत मध नसतो. रात्री दरवळणाऱ्या वासाने मोठे निशाचर पतंग फसून येतात आणि त्यांच्याकरवी परागीभवन होते. आपल्याकडची बहुतेक झाडे फांद्या लावूनच वाढवलेली आहेत. पाटीवर ‘देवचाफा, प्लुमेरिया रुब्रा, करवीर कुल, मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका’ असे लिहावे, आणि जवळपास सोनचाफा असल्यास त्यालाही पाटी लावावी, म्हणजे मुलांना दोन्ही फुले शेजारी ठेवून पाहता येतील.