प्रार्थना फळली नाही की झडती आजाऱ्याचीच का?

चंद्रज्योत
जुना कंदील यांनी काल या मंचावर लिहिलं, "देव आजही बरं करतो. कुणी बरं होत नसेल तर अडथळा देवाकडे नाही, आपल्याकडे आहे. आधी स्वतःचा विश्वास तपासा." खाली आमेनची रांग लागली. मला राहवलं नाही, आणि चार ओळींत मावण्यासारखं नाही म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझा धाकटा भाऊ फुफ्फुसाच्या आजाराने गेला. शेवटी शेवटी प्रार्थनेला माणसं यायची, मायेनेच यायची. त्यातल्या एका गृहस्थांनी खाटेशी उभं राहून विचारलं, "या खोलीत कुणाच्या मनात शंका आहे का? असेल तर त्याने बाहेर थांबावं." भावाने एका हाताने नाकातली नळी सावरली आणि दुसरा हात वर केला. "मला आहे," म्हणाला, "पण मला उठता येत नाही." त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली. कुठलं पाप कबूल करायचं राहिलं हे आठवत पडून राहायचा. शाळेत कुणाचं तरी पेन उचललं होतं, तिथपर्यंत पोचला. श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाच्या उरावर हे ओझं कुणी ठेवलं? देवाने तर नक्कीच नाही.

बेथेस्दाच्या तळ्याशी जो माणूस होता, त्याला ३८ वर्षांचं दुखणं. त्याचा कोणता विश्वास येशूने तपासला? आपल्याला कुणी बरं केलं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं! जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी "पाप कुणाचं, याचं की आईबापांचं?" असं विचारलं, तेव्हा प्रभूने दोन्ही नाकारलं. प्रेषित पौलाने देहातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिलाच. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेतात आजारीच ठेवून पुढे गेला. आता पौलाचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का? आणि "तुझंच काहीतरी चुकलं असणार" हे दुःखाने पिचलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी पानंच्या पानं सांगितलं. शेवटी देवाचा कोप झाला तो अलीफज आणि त्याच्या दोघा सोबत्यांवर, ईयोबावर नव्हे.

जुना कंदील
ताई, भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. त्या गृहस्थांनी तसं बोलायला नको होतं. पण तुम्ही वचनं सोयीची घेतलीत. प्रभूच्या गावी, नासरेथात, लोकांच्या अविश्वासामुळे त्याला फारसे चमत्कार करता आले नाहीत, ते मार्कच्या शुभवर्तमानात, मार्क ६ मध्ये वाचा. शिष्यांना एका मुलातला दुष्टात्मा काढता आला नाही, तेव्हा "तुमच्या अल्पविश्वासामुळे" हे कारण खुद्द प्रभूने दिलं, मत्तय १७. संशय धरणाऱ्याने प्रभूकडून काही मिळेल असं समजू नये, हे याकोबाच्या पहिल्याच अध्यायात आहे. हे सगळं खोडायचं का?

आता माझी साक्ष ऐका. मी दारूत पार बुडालेलो होतो. "देवाची इच्छा होईल तेव्हा सुटेल," म्हणून सगळे समजूत काढायचे आणि मला ते बरंच वाटायचं, कारण तोवर प्यायला मोकळीक होती. एका म्हाताऱ्या पाळकांनी मात्र तोंडावर सांगितलं, "तू मागतोस खरा, पण देव देईल असं तुला वाटतच नाही." संताप आला. घरी जाऊन दार लावून घेतलं आणि पहिल्यांदा मनापासून गुडघे टेकले. त्या एका वाक्याने माझा संसार वाचला. ते वाक्य तुम्ही क्रूर ठरवणार असाल तर मला ते मान्य नाही.

चंद्रज्योत
तुमची साक्ष मी खोटी म्हणत नाही. पण तुमच्या पाळकांनी तुम्हाला ओळखून, तुमच्यासाठी ते सांगितलं. तुम्ही तेच वाक्य सरसकट सगळ्या आजाऱ्यांना लावताय. माझ्या भावाने काय सोडायचं राहिलं होतं? श्वास?

उंबरठा
मी हल्ली उपासनेला जात नाही, तरी हे वाचून लिहावंसं वाटलं. कंदीलदादा, मत्तय १७ मधला तो मुलगा म्हणजे मार्क ९ मधलाच मुलगा. तिथे त्याचा बाप काय ओरडतो? "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एका दमात दोन्ही. आणि पोरगा बरा होतो! अल्पविश्वासाचा ठपका शिष्यांवर आला, बापावर नाही.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली. कित्येक वर्षं देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं, हे त्यांनी स्वतः लिहिलंय. मी तरुण मंडळात शंका विचारल्या तेव्हा "प्रार्थना वाढव" एवढंच उत्तर मिळालं. कुणी मला स्तोत्र ८८ दाखवलं असतं तर कदाचित आजही मी आत असतो. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

सायंघंटा
चंद्रज्योत, तुझ्या भावासाठी उद्याच्या मिस्सात, आमच्या कॅथलिक उपासनेत, प्रार्थना करेन. प्रभू त्याला चिरशांती देवो.

सरळ वाट
भावना समजतात, पण इथे चुकीची शिकवण नको. मेलेल्यांसाठी प्रार्थना शास्त्रात नाही. माणसाला एकदाच मरणं आणि मग न्याय, इब्री ९:२७. वधस्तंभावरच्या चोराला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं वचन मिळालं. जिथे मेलेल्यांना आपली प्रार्थना उपयोगी पडावी असा मधला थांबा कुठे आहे?

सायंघंटा
मक्काबी, दुसरा ग्रंथ, अध्याय १२. लढाईत पडलेल्यांसाठी त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी याने अर्पण पाठवलं.

सरळ वाट
तो ग्रंथ आमच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. १५४६ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने त्याला बळेच आत घेतलं.

सायंघंटा
बळेच? ३९७ च्या कार्थेजच्या धर्मसभेने केलेल्या शास्त्रग्रंथांच्या यादीत मक्काबीचे दोन्ही ग्रंथ आहेत. प्राचीन धर्माचार्य ऑगस्टीन तर तुम्हालाही प्रिय ना? त्याची आई मोनिका ३८७ मध्ये ओस्तियात वारली. देह कुठेही पुरा, पण वेदीपाशी माझी आठवण ठेवा, असं तिने मुलांना सांगितलं होतं. तिच्यासाठी प्रार्थना करा, अशी विनंती त्याने वाचकांनाच केली आहे. तोही वाट चुकलेला का?

सरळ वाट
ऑगस्टीन प्रेषित नव्हता. याच वाटेने पुढे पापक्षमेची पत्रं विकायला निघाली आणि १५१७ मध्ये धर्मसुधारक ल्यूथरला त्याविरुद्ध उभं राहावं लागलं. दुःखी माणसांच्या खिशात हात घालणारा धंदा होता तो.

सायंघंटा
धंदा हा शब्द मागे घ्या! माझी आई गेल्यावर तिच्यासाठी प्रार्थना करणं हा एकच धागा माझ्या हातात राहिला होता. तुम्ही म्हणता ते सोडून दे. मग आईवरच्या मायेचं करायचं काय? आणि ल्यूथरने स्वतः १५२८ मध्ये लिहिलंय, मेलेल्यासाठी मोकळ्या मनाने देवाला विनवलं तर पाप नाही.

चंद्रज्योत
माझ्या भावाच्या नावावर भांडू नका, कृपा करून. सायंघंटा, मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेली, आमच्याकडे अशी प्रार्थना करत नाहीत. पण तू करणार आहेस याचं मला बरं वाटलं, आणि हे मी कुणालाही विचारून लिहीत नाही.

जुना कंदील
मूळ विषयाकडे येतो. त्रफिमाचं उत्तर माझ्याकडे नाही, ते मान्य. मार्क ९ मधल्या बापाचंही, नाइलाजाने. पण याकोब ५ तुम्ही कुणीच हातात घेतला नाही. "विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील" हे स्पष्ट लिहिलंय.

चंद्रज्योत
घेते. त्यात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवायचं, एवढंच त्याचं काम. तेल लावायचं वडिलांनी, प्रार्थना करायची वडिलांनी. मग विश्वास कुणाचा लागतो? आणि तो बरा झाला नाही तर झडती कुणाची घ्यायची?

जुना कंदील
मी स्वतः मंडळीचा वडील आहे, आजाऱ्यांकडे जातो. परतताना माझं काय कमी पडलं हे मी विचारतो, तुम्ही समजता तसा मी मोकळा सुटत नाही. लोकांना विश्वासाबद्दल विचारणं मी थांबवणार नाही, नाहीतर माझ्यासारखे कित्येक पीतच राहतील. खाटेशी नाही विचारणार. एवढं देतो, याहून जास्त नाही.

सरळ वाट
ल्यूथरचं १५२८ चं मीही पाहिलं. एकदोनदा विनवा आणि पुरे करा, असं म्हणतो तो. मिस्सा लावा असं म्हणत नाही. 'धंदा' मी विकणाऱ्यांना म्हटलं होतं, तुमच्या आईसाठीच्या प्रार्थनेला नाही.

सायंघंटा
मग तसं आधीच लिहायचं होतं. उद्याचा मिस्सा होणारच आहे.