सीमाशुल्क ऑडिट: आयातदार कंपनीच्या आवारात जाण्याआधी टेबलावर काय तयारी करावी?

बोरीबंदर_निरीक्षक (प्रश्न)

असेसमेंट ग्रुपमधून (जिथे आयातीचं शुल्क ठरतं) न्हावा शेव्याच्या ऑडिटला बदली झाली आहे. सीमाशुल्क कायद्याचं कलम ९९अ आणि २०१८चे कस्टम्स ऑडिट रेग्युलेशन्स वाचले, पण नियमात 'रेकॉर्ड तपासावे' इतकंच आहे. कसं तपासायचं ते नाही. आता आवारात जाऊन करायचं ऑडिट हातात आहे. पॅकिंग मशीन आणि सुटे भाग आणणारी कंपनी, परदेशी मूळ कंपनीची इथली उपकंपनी. ऑफिस अंधेरीला, गोदाम भिवंडीत. काही माल बाँडमधून (शुल्क न भरता माल ठेवायच्या गोदामातून) सोडवतात, काही हाय सी सेलने (माल समुद्रात असतानाच दुसऱ्या खरेदीदाराकडून) घेतात.

कुठून सुरुवात करावी? रॉयल्टीचा आक्षेप कसा मांडावा? आणि ऑडिटचे बरेच आक्षेप पुढे नोटिशीत टिकत नाहीत असं ऐकतो, ते का?

---

शेवा_अधीक्षक

आवारात जाण्याच्या आधीच निम्म्याहून जास्त ऑडिट झालेलं असलं पाहिजे. तिथे गेल्यावर फाईल मागत बसणाऱ्या टीमला कंपनी चहा पाजते आणि दिवस घालवते.

नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. तिच्याबरोबरच कागदांची यादी पाठवा: तीन वर्षांचा ताळेबंद आणि ट्रायल बॅलन्स, टॅक्स ऑडिटचा ३सीडी, ट्रान्सफर प्रायसिंगचा ३सीईबी, परदेशी पुरवठादारांचे लेजर, बँकेतून परदेशी गेलेल्या रकमांचं स्टेटमेंट, मूळ कंपनीशी झालेले सगळे करार, फॉरवर्डरची बिलं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग मागू नका. ते ई-संचितवर (आयातीचे कागद द्यायच्या ऑनलाइन प्रणालीवर) चढवलेलं आहे, तुमचं तुम्ही काढा.

मग आयसीईएसमधून (सीमाशुल्काच्या संगणक प्रणालीतून) बिल ऑफ एन्ट्रीचा, म्हणजे आयातीच्या घोषणापत्राचा, डेटा एक्सेलमध्ये घ्या आणि पहिला रकाना आउट ऑफ चार्जच्या (माल सोडण्याच्या आदेशाच्या) तारखेचा लावा. साध्या प्रकरणात कलम २८खाली नोटिशीला दोन वर्षं मिळतात, दडवणूक किंवा खोटं निवेदन सिद्ध होत असेल तर पाच. दोन वर्षं संपत आलेली बिलं आधी तपासायची. प्रोव्हिजनल असेसमेंटची (तात्पुरतं शुल्क ठरवलेली) बिलं वेगळ्या शीटमध्ये टाका, त्यांची मुदत अंतिम असेसमेंटनंतर शुल्काचा मेळ बसवल्याच्या तारखेपासून धावते. कंपनी संबंधित पक्षाकडून माल घेते म्हणजे स्पेशल व्हॅल्युएशन ब्रांचची (संबंधित पक्षांमधल्या आयात किमती तपासणाऱ्या शाखेची) फाईल असण्याची शक्यता आहे. ती आहे का, कुठल्या टप्प्यावर आहे, हे बॅलार्ड इस्टेटला त्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. नाहीतर तुमचा आणि त्यांचा आक्षेप एकमेकांवर आदळेल.

आता मुख्य काम, मेळ: कंपनीच्या वहीतल्या आणि बिल ऑफ एन्ट्रीतल्या रकमा जुळवणं. इथे नवा माणूस हमखास चुकतो, कारण तो रुपयात मेळ घालतो. बिल ऑफ एन्ट्रीला सीमाशुल्काने अधिसूचित केलेला विनिमय दर असतो, वहीत बँकेचा. फरक येणारच आणि तो अवमूल्यन नव्हे. मेळ परकीय चलनातच, पुरवठादारागणिक घाला.

समजा पुरवठादाराच्या लेजरला वर्षभरात १२,४०,००० डॉलर जमा दिसतात आणि बिल ऑफ एन्ट्रीची बेरीज ११,७५,००० येते. फरक ६५,०००. त्यातले ३८,००० मार्चमध्ये जहाजावर चढलेल्या मालाचे निघतात, बिल एप्रिलमधलं. ते सोडा. १५,००० मशीन उभारायला आलेल्या तंत्रज्ञाचे. आयातीनंतरच्या उभारणीचा खर्च वेगळा दाखवलेला असेल तर तो मूल्यात येत नाही, पण करारात त्याच रकमेत परदेशात केलेलं डिझाइन घुसवलेलं नाही ना, ते वाचा. उरलेले १२,००० साच्याचे, जो साचा पुरवठादाराकडेच राहिला आणि ज्यातून तुमचे सुटे भाग निघतात. हा आक्षेप. २००७च्या मूल्यांकन नियमांतला नियम १०(१)(ब). लेजरमध्ये 'टूलिंग', 'मोल्ड', 'डेव्हलपमेंट चार्जेस' असे शब्द शोधा.

पुरवठादाराच्या लेजरला जे सापडत नाही ते खर्चाच्या खात्यात असतं. एक्स-वर्क्सने (कारखान्याच्या दारावरच्या किमतीने) घेतलेला माल आणि बिल ऑफ एन्ट्रीत तीच किंमत एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) म्हणून टाकलेली: कारखान्यापासून बंदरापर्यंतचा तिकडचा खर्च गायब, आणि तो इथल्या फॉरवर्डरच्या बिलात वेगळ्या ओळीत बसलेला. भाडं ठाऊकच नसेल तर एफओबीच्या २० टक्के, विमा ठाऊक नसेल तर १.१२५ टक्के. पण खरं भाडं वहीत असताना २० टक्के लावणं चूक आहे, मग ते कोणाच्याही फायद्याचं असो. विमानाने आलेल्या मालाला मात्र २० टक्के ही कमाल मर्यादा. एक टक्का लँडिंग चार्जेस (बंदरावर माल उतरवायचा खर्च) सप्टेंबर २०१७मध्ये गेले, जुना नमुना कॉपी करून कोणी तो लावतं म्हणून सांगतो.

बाँडच्या मालाला शुल्काचा दर एक्स-बाँड बिलाच्या तारखेचा, पण विनिमय दर पहिल्या, म्हणजे इन-बाँड बिलाच्या तारखेचा. दोन्ही एकाच तारखेचे धरून काढलेला आक्षेप कंपनीचा सीएचए (कस्टम्स एजंट) दोन ओळींत उडवतो. हाय सी सेलमध्ये शेवटच्या विक्रीची किंमत धरायची. परदेशी इनव्हॉइस दुसऱ्याच्या नावावर असतं आणि खरेदी स्थानिक व्यापाऱ्याच्या लेजरला, त्यामुळे वरच्या मेळात हा माल दिसतच नाही. त्याची शीट वेगळी ठेवा.

वर्गीकरणासाठी सगळी बिलं चाळू नका. वर्णनात 'पार्ट्स' आणि दर सर्वात कमी अशा ओळी गाळून घ्या. सोळाव्या विभागाच्या टीप २नुसार ८४ किंवा ८५व्या अध्यायात ज्याचं स्वतःचं शीर्षक आहे तो भाग तिथेच जातो: व्हॉल्व्ह ८४८१मध्ये, मग तो कुठल्याही मशीनचा असो. सुट्या भागांच्या कंपनीत हे हमखास सापडतं.

---

काळबादेवी_सीए

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, त्यामुळे आक्षेप का पडतात ते सांगू शकतो. वरचं बहुतेक बरोबर आहे. रॉयल्टी राहिली.

३सीईबीमध्ये मूळ कंपनीला रॉयल्टी दिसली की ऑडिट टीम सरळ सगळी रॉयल्टी आयात मूल्यात टाकते. नियम १०(१)(क) दोन गोष्टी मागतो: रॉयल्टी आयात मालाशी निगडित हवी आणि ती मालाच्या विक्रीची अट हवी. यातली कोणतीही एक करारातल्या कलमावर बोट ठेवून दाखवता आली नाही तर आक्षेप अपिलात पडतो. सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा फेरोडो इंडियाचा निकाल कंपनीच्या उत्तरात पहिल्या पानावर असणार, तो आधी वाचून जा.

सर्वात आधी करारातली 'नेट सेल्स'ची व्याख्या काढा. आयात सुट्या भागांची लँडेड कॉस्ट वजा करून उरलेल्या विक्रीवर रॉयल्टी असेल, तर ती आयात मालाची आहे म्हणणं फार अवघड. वजावट नसेल, किंवा आणलेला माल जसाच्या तसा विकून त्यावर रॉयल्टी जात असेल, तर तुमची बाजू भक्कम. 'माल फक्त परवानाधारकाकडून किंवा त्याने मंजूर केलेल्याकडूनच घ्यावा' आणि 'रॉयल्टी थकली तर पुरवठा थांबेल' ही दोन कलमं शोधा. बऱ्याचदा ती रॉयल्टीच्या करारात नसतात, पुरवठ्याच्या करारात असतात. म्हणून दोन्ही मागवा.

आणि आकडा काढा. आकड्याशिवायचा आक्षेप म्हणजे चौकशी. समजा जसाच्या तसा विकलेला माल १० कोटींचा, रॉयल्टी ४ टक्के, म्हणजे ४० लाख. मूळ शुल्क ७.५ टक्के: ३,००,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार: ३०,०००. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के ४३,३०,००० वर: ७,७९,४००. एकूण ११,०९,४००.

कंपनी म्हणेल, याच रॉयल्टीवर आम्ही सेवा आयात म्हणून रिव्हर्स चार्जने (पुरवठादाराऐवजी घेणाऱ्याने भरून) आयजीएसटी भरला आहे. भरला असेल, पण त्याने मूळ शुल्क आणि अधिभाराचे ३,३०,००० सुटत नाहीत. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून महसूल तटस्थ (सरकारला तोटा नाही), हा युक्तिवादही येईल. मूळ शुल्काचं क्रेडिट नसतं, म्हणून दोन्ही रकमा आक्षेपात वेगळ्या दाखवा. बेरीज एकत्र ठेवली की वाद फक्त आयजीएसटीवर रंगतो.

व्याजाबद्दल सावध. कलम २८अअखाली वर्षाला १५ टक्के, शुल्क देय झालेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. पण अतिरिक्त शुल्कांवर व्याज आणि दंड लावता येत नाही असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०२२चा महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा निकाल आहे. त्यानंतर व्याज-दंड लागू व्हावा म्हणून सीमाशुल्क दर कायद्याचं कलम ३(१२) बदललं, १६ ऑगस्ट २०२४पासून. त्याआधीच्या बिलांच्या आयजीएसटीवर व्याज मागाल तर हा निकाल समोर येणार हे धरून चाला.

---

बोरीबंदर_निरीक्षक

दोघांचे आभार. एक शंका. पाच वर्षांची मुदत लावायला 'कंपनीने करार खात्याला दाखवला नाही' इतकं पुरतं का? आणि आक्षेप निघाल्यावर कंपनी स्वतःहून बिलात दुरुस्ती करून मोकळी होऊ शकते का?

---

शेवा_अधीक्षक

पहिल्याचं उत्तर: सहसा नाही. जे ई-संचितवर आहे ते दडवलं म्हणता येत नाही. वर्गीकरणाचा वाद असेल, माल आणि वर्णन खरं असेल, तर दोन वर्षांतच बसा. दडवणुकीला प्रश्न आणि त्याचं खोटं उत्तर लागतं: बिल ऑफ एन्ट्रीबरोबरच्या मूल्य घोषणेत 'रॉयल्टी नाही' असं लिहिलेलं आणि त्याच वर्षी ३सीईबीत रॉयल्टी. हे दोन कागद शेजारी ठेवा, लांब परिच्छेद लिहू नका.

दुसरं: नवं कलम १८अ आयातदाराला माल सुटल्यावर स्वतःहून नोंद सुधारू देतं, पण ऑडिट सुरू करून कंपनीला कळवल्यावर ती वाट बंद. म्हणून तुमची ऑडिटची सूचना कोणत्या तारखेला, कशाने पोचली, त्याचा पुरावा फाईलला लावाच. मात्र नोटिशीआधी शुल्क आणि व्याज भरायची सोय कलम २८मध्ये आहे, साध्या प्रकरणात मग दंड नाही आणि नोटीसही नाही. कंपनीला हे लेखी सांगा. ताळेबंद बंद करायच्या घाईत असलेला फायनान्सवाला अशा वेळी बरेचदा भरून मोकळा होतो.

---

ऑडिट_भवन_बीकेसी

कॅगच्या (सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) बाजूने थोडं. आमचा आक्षेप कंपनीवर नसतो, खात्याने केलेल्या असेसमेंटवर असतो. कॅगच्या १९७१च्या कायद्याचं कलम १६. त्यामुळे तुमच्या ऑडिटमध्ये सुटलेलं उद्या आमच्या स्थानिक अहवालात येतं, आणि खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

वर न आलेल्या दोन गोष्टी पाहा. अँटी-डंपिंग (फार स्वस्तात येणाऱ्या मालावरच्या जादा शुल्काच्या) अधिसूचनेच्या तक्त्यात मूळ देश, निर्यातीचा देश आणि उत्पादक असे तीन रकाने जुळावे लागतात. उत्पादक वेगळा निघाला की माल 'इतर कोणताही'च्या ओळीत जातो आणि दर चढतो. फरक काढताना अधिभार त्यावर लागत नाही, आयजीएसटी मात्र लागतो.

दुसरी, मुक्त व्यापार कराराची सवलत. मूळ देशाच्या प्रमाणपत्रातला सहा अंकी कोड आणि बिलातला कोड वेगळे, किंवा तिसऱ्या देशातलं इनव्हॉइस असून प्रमाणपत्रात तशी खूण नाही, हे एक्सेलमध्येच पकडता येतं. आसियानसाठी सर्वसाधारण निकष ३५ टक्के प्रादेशिक मूल्य अधिक उपशीर्षकाचा बदल. प्रमाणपत्रावर निकष लिहिलेला आहे म्हणून तो पाळला असं होत नाही. २१ सप्टेंबर २०२०पासून कॅरोटार नियमांप्रमाणे (मालाचा मूळ देश सिद्ध करायचे नियम) आयातदाराने फॉर्म १ची माहिती स्वतःजवळ ठेवायची असते, पाच वर्षं. तो फॉर्म मागा. पुष्कळदा तो मागितल्यावर तयार होतो, म्हणून पुरवठादाराने माहिती कळवल्याच्या ईमेलची तारीखही बघा.

---

काळबादेवी_सीए

साध्या प्रकरणात नोटिशीआधी सल्लामसलत बंधनकारक आहे, २०१८चे प्री-नोटीस कन्सल्टेशन रेग्युलेशन्स. शक्यतो मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी पत्र जायला हवं. ऑडिटवाले आक्षेप शेवटच्या आठवड्यात ग्रुपकडे ढकलतात, मग ही पायरी गाळली जाते आणि अपिलात आम्ही पहिला मुद्दा तोच घेतो. आउट ऑफ चार्जच्या रकान्याशेजारी 'पत्राची शेवटची तारीख' असा एक रकाना आत्ताच घाला, सूत्र टाकून.