लेक चिपळुणात तळमजल्यावर राहते. धोक्याचा पाऊस तिनं ओळखायचा कसा?

मानेवाडा_बाबा:
नमस्कार. मी नागपूरचा. मुलगी गेल्या महिन्यात बँकेच्या नोकरीवर चिपळूणला रुजू झाली. खोली बाजारपेठेजवळ, तळमजल्यावर. शाखा पाच मिनिटांवर आणि भाडं परवडणारं, म्हणून घाईत घेतली. सामान लावून द्यायला गेलो तेव्हा जुनं कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ. बाकी खोलीला नवा रंग, कपाटामागं तेवढा दिला नव्हता. घरमालक म्हणाले, "एकवीसचा पूर."

तेव्हापासून मला झोप नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला आम्ही डागा लेआउटमध्ये भाड्यानं राहत होतो. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरात आली. बायकोनं पलंगावरून पाय खाली ठेवला तो घोटाभर पाण्यात. दार उघडायला गेलो तर बाहेरून पाण्याचा एवढा जोर की दार हलेना. त्या रात्री लेक आमच्याजवळ होती. आता ती एकटी आहे.

रत्नागिरीला ऑरेंज अलर्ट तर एक दिवसाआड येऊन राहिला. रोज फोन केला की चिडते, "बाबा, इथं पाऊस असाच असतो." मग नेहमीचा कोणता आणि धोक्याचा कोणता? इथं बसून मला काय पाहता येईल? आणि खोली बदलायला लावू का?

वाशिष्ठीकाठ:
काका, माझं माहेर चिपळूणचं पेठमाप, लग्नानंतर आठ वर्षं नागपूरला खामल्यात आहे. शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते: हो, खोली बदला. दुसरा मजला बघा. भिंतीवरची रेघ खोटं बोलत नाही.

चिपळुणात डोक्यावरचं आभाळ पाहून पूर कळत नाही. इथल्या वाशिष्ठी नदीला पाणी येतं ते सह्याद्रीतून. गावात नुसती रिपरिप असते, वर घाटात कोसळत असतो आणि बघता बघता नदी चढते. २०२१ च्या जुलैत, त्या पुराच्या वेळी, महाबळेश्वरला २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. आपल्या नागपूरचा अर्धा पावसाळा एका दिवसात! म्हणून तुम्ही रत्नागिरीच्या अलर्टबरोबर साताऱ्याच्या घाटमाथ्याचाही बघत जा. कोयनेचं वीज करून झालेलं पाणीसुद्धा कोळकेवाडीहून याच नदीला येतं.

दुसरी गोष्ट भरतीची. नदी पुढं दाभोळच्या खाडीला मिळते. भरती चढत असली की पुराला वाट मिळत नाही, पाणी बाजारात फुगतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठं. २२ जुलै २०२१ ला पौर्णिमा दोनच दिवसांवर होती. माझे आजोबा म्हणायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा तशीच रात्री. हिशेब ढोबळ आहे, पण आमच्या घरात सगळे त्यावरच चालतात. घाटात रात्रभर धार आणि पहाटे भरती, असं जुळलं की तिनं झोपायलाच वरच्या मजल्यावर जायचं. पाणी दारात यायची वाट पाहू नये.

अंबाझरीकर:
दादा, त्या रात्री आम्हीही तिथेच होतो, तुमचं दुःख कळतं. माझे वडील पार्किंगमधली स्कूटर काढायला उतरले आणि कमरेपर्यंत पाण्यात अडकले. दोघांनी धरून ओढलं. मुलीला एवढं नक्की सांगा की गाडीसाठी खाली उतरायचं नाही. मेन स्विच पाणी यायच्या आधी बंद, सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद. सर्टिफिकेटं, औषधं आणि चार्ज केलेली पॉवर बँक एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवायची. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर मोबाइलमध्ये हवा. पाणी ओसरल्यावर चिखलात अनवाणी फिरू नये, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात होते हे आवर्जून सांगावं.

रुळांवरचा_माणूस:
एक विनंती. रेड अलर्ट लागला म्हणून घाबरून तिला नागपूरला बोलावू नका. अशा वेळी परशुराम घाटात दरड येते, कोकण रेल्वेच्या गाड्या जागोजागी अडकतात. २०२१ ला महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूलही खचला होता. वाटेत अडकण्यापेक्षा दुसऱ्या मजल्यावरचं घर कधीही सुरक्षित.

मानेवाडा_बाबा:
ताई, तुमचं लिहिणं तिला जसंच्या तसं पाठवलं. तिनं आज शाखेतल्या शिपाईकाकांना विचारलं, तर तेही पाऊणपटच सांगतात म्हणे. त्यांच्याच ओळखीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळतेय, भाडं दीड हजारानं जास्त आहे. मी म्हटलं, घे. महिनाअखेरीपर्यंत वरच्या मजल्यावरच्या काकूंनी झोपायला बोलावलंय. पिशवी भरून त्यांच्याकडेच ठेवली आहे.

घाटमाथ्यावर आज रेड आहे. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, आज षष्ठी, भरती साडेचारला." पहाटे चार वाजता फोन करणार, असं मी सांगितलं. या वेळी ती चिडली नाही.